थेरपिस्टच्या कामाकडे कोण पाहते? ऑटिझमच्या क्षेत्रातील सुपरव्हिजनचा आढावा

ऑटिझमबद्दल मराठीत आता बरेच लिहिले जाते. लक्षणे, निदान, शाळाप्रवेश, पालकांचे अनुभव या सगळ्यांवर लेख येतात, पुस्तके येतात. या मुलांबरोबर आणि मोठ्यांबरोबर रोज तासन्‌तास काम करणाऱ्या थेरपिस्टबद्दल मात्र फारसे कोणी लिहीत नाही. ती (बहुतेक ठिकाणी ती बाईच असते) स्पीच थेरपिस्ट असेल, ऑक्युपेशनल थेरपिस्ट असेल, विशेष शिक्षिका असेल किंवा समुपदेशक. बंद दाराआड ती जे काम करते ते बरोबर चालले आहे की नाही, हे तिला कोण सांगते? एखादे मूल तिच्यासमोर डोके आपटून घेऊ लागले आणि तिचे सगळे उपाय संपले, तर ती कोणाकडे जाते? या व्यवस्थेला क्लिनिकल सुपरव्हिजन म्हणतात. ऑटिझमच्या संदर्भात तिची आजची स्थिती काय आहे, मतभेद कुठे आहेत आणि काय सुटायचे राहिले आहे, हे पाहणे हा या लेखाचा हेतू आहे.

सुपरव्हिजन म्हणजे हजेरी आणि रिपोर्ट तपासणे नव्हे. थेरपिस्टने आपले चालू काम ठराविक काळाने एका अनुभवी व्यक्तीपुढे उघडे करायचे आणि दोघांनी मिळून ते पाहायचे, असे त्याचे स्वरूप आहे. ब्रिटनमधील ब्रिजिड प्रॉक्टर यांनी १९८०च्या दशकात त्याची तीन कामे सांगितली: शिकवणे, दर्जा आणि नीती सांभाळणे, आणि थेरपिस्टला सावरणे. ही मांडणी आजही सर्वत्र वापरली जाते. आपल्याकडे पहिले काम थोडेफार होते, दुसरे तक्रार आली की होते आणि तिसरे जवळजवळ होतच नाही, असे माझे निरीक्षण आहे.

पूर्वपीठिका

१९०९ साली सिग्मंड फ्रॉइड यांनी ‘छोट्या हान्स’ची हकीकत प्रसिद्ध केली. घोड्यांना घाबरणाऱ्या त्या मुलाशी रोज बोलत होते त्याचे वडील. ते नोंदी फ्रॉइड यांच्याकडे आणत आणि फ्रॉइड त्यांना पुढची दिशा सांगत. उपचाराच्या काळात खुद्द फ्रॉइड हान्सला एकदाच भेटले. मानसोपचारातील सुपरव्हिजनचे पहिले लिखित उदाहरण म्हणून अनेक अभ्यासक या प्रकरणाकडे पाहतात. या पद्धतीची मूळ अडचणही त्यातच दिसते. सुपरव्हायजरच्या हाती असते ती सांगितलेली हकीकत, आणि सांगणाऱ्याच्या नजरेतून जे सुटले ते त्याच्यापर्यंत पोचतच नाही.

१९२० साली बर्लिनमध्ये मॅक्स आयटिंगॉन यांच्या पुढाकाराने मनोविश्लेषणाचे चिकित्सालय सुरू झाले आणि ज्येष्ठांच्या देखरेखीखाली उपचार करणे हा प्रशिक्षणाचा सक्तीचा भाग बनला. पुढे अमेरिकेत कार्ल रॉजर्स यांनी सेशनचे ध्वनिमुद्रण करायला सुरुवात केली. १९४२च्या त्यांच्या पुस्तकात एका संपूर्ण उपचाराचा शब्दन्‌शब्द छापलेला आहे. आता सुपरव्हायजरला थेरपिस्टची आठवण बाजूला ठेवून प्रत्यक्ष घडलेले ऐकता येऊ लागले. सांगितलेले ऐकायचे की घडलेले पाहायचे, हा वाद तेव्हापासून चालू आहे आणि ऑटिझममध्ये तो फार महत्त्वाचा ठरतो.

भारतात ही परंपरा पोस्टाने आली. गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ साली कलकत्त्यात भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली. फ्रॉइड यांच्याशी त्यांचा संबंध पत्रांचा होता, आणि समोर बसून काम पाहणारे कोणी गुरू त्यांना मिळाले नाहीत. महाराष्ट्रात विवेकनिष्ठ मानसोपचार रुजवणारे कि. मो. फडके यांनीही या पद्धतीचे जनक अल्बर्ट एलिस यांच्याशी अनेक दशके पत्रव्यवहार केला आणि त्यातून आपली समज घडवली. दोघांची निष्ठा असामान्य होती. पण त्यामुळे आपल्याकडे पुस्तक आणि पत्र यांतून शिकण्याची वाट तयार झाली. काचेपलीकडे बसून कुणीतरी आपले सेशन पाहते आहे, याची सवय झाली नाही. आजच्या ऑनलाइन सुपरव्हिजनमध्येही बहुतेक वेळा थेरपिस्ट सांगते आणि समोरचा ऐकतो.

ऑटिझमच्या क्षेत्रातील दोन परंपरा

लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांचे वर्णन करून ऑटिझमला वैद्यकात स्थान दिले. त्यानंतरची वीस-पंचवीस वर्षे मनोविश्लेषणाचा प्रभाव होता. आईच्या थंडपणामुळे मूल मिटून जाते, हे मत ब्रूनो बेटेलहाइम यांनी १९६७च्या पुस्तकात मांडले. त्याच्या तीन वर्षे आधी बर्नार्ड रिमलँड यांनी, जे स्वतः ऑटिस्टिक मुलाचे वडील होते, ऑटिझमचे मूळ जैविक असल्याचे साधार मांडले होते, तरीही बेटेलहाइम यांचे मत बराच काळ टिकले. त्या चौकटीतल्या सुपरव्हिजनमध्ये चर्चा कशाची होत असेल हे उघड आहे: आईचे मन, मुलाच्या खेळाचा अर्थ, थेरपिस्टच्या मनातल्या प्रतिक्रिया. मूल त्या खोलीतल्या आवाजाने हैराण झाले आहे का, हा प्रश्न तिथे सुचण्यासारखा नव्हता.

दुसरी परंपरा वर्तनोपचाराची. ओले इव्हार लोव्हास यांनी १९८७ साली १९ लहान मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला ४० तासांचा उपचार घेतलेल्या या मुलांपैकी नऊ जण सर्वसाधारण शाळेत आणि बुद्ध्यंकात इतर मुलांच्या बरोबरीला आले, असा त्यांचा दावा होता. मुलांची निवड आणि गटांची विभागणी यांवर तेव्हापासून आक्षेप घेतले गेले आहेत. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते त्यामागचे संघटन. एका मुलाबरोबर अनेक विद्यार्थी-थेरपिस्ट पाळीपाळीने काम करत. सगळ्यांनी सूचना त्याच शब्दांत द्यायची, प्रॉम्प्ट (मदतीचा इशारा) त्याच क्रमाने द्यायचा, नोंद त्याच तक्त्यात करायची, तर कोणीतरी शेजारी बसून पाहणे भागच होते. प्रत्यक्ष पाहून केलेले नियमित सुपरव्हिजन ऑटिझममध्ये रुजले ते या मार्गाने, हे श्रेय वर्तनोपचाराला दिलेच पाहिजे. मात्र पाहायचे काय, तर ठरलेली कृती बरोबर झाली की नाही. ती कृती मुळात का ठरली, हा प्रश्न त्या तक्त्यात बसत नव्हता.

नेहमीची पद्धत कुठे अडखळते

अमूर्त बोलण्यापेक्षा एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, पुण्यातल्या एका समुपदेशकाकडे तिशीतला इंजिनिअर नैराश्यासाठी येतो. वर्षभरापूर्वी त्याचे ऑटिझमचे निदान झाले आहे. तो डोळ्यांत पाहत नाही, ‘कसे वाटते?’ या प्रश्नाला ‘ठीक’ म्हणतो, तीन आठवडे गृहपाठ करून आणत नाही आणि मधूनच विचारतो की सेशन ५० मिनिटांचे असताना मागच्या वेळी ५४ मिनिटे का चालले. समुपदेशक आपल्या सुपरव्हायजरला सांगते, ‘तो मनापासून येत नाही. मला त्याच्यासमोर बसल्यावर कंटाळा येतो, थोडा रागही येतो.’

अनुभवी सुपरव्हायजर इथे थेरपिस्टच्या कंटाळ्याला धागा मानून पुढे जाईल. हॅरल्ड सर्ल्स यांनी १९५५ साली दाखवून दिले होते की क्लायंट आणि थेरपिस्ट यांच्यात जे घडते त्याची सावली सुपरव्हिजनच्या नात्यातही पडते. म्हणून तिथे उमटणाऱ्या भावना ही महत्त्वाची माहिती असते. इतरत्र ही फार उपयोगी पद्धत आहे. या प्रकरणात ती चुकीच्या घरी नेऊ शकते. स्वतःच्या भावना ओळखून त्यांना शब्द देणे अवघड जाते अशा लोकांचे प्रमाण ऑटिस्टिक व्यक्तींत सुमारे ५० टक्के आणि इतरांत सुमारे ५ टक्के असल्याचे २०१९च्या एका एकत्रित विश्लेषणात आढळले. तेव्हा ‘ठीक’ हे उत्तर टाळाटाळ नसेल. त्याला तेवढेच माहीत असेल. गृहपाठ न करणे म्हणजे विरोध नसेल. तोंडी सांगितलेले काम सुरू कुठून करायचे हेच त्याला उमजले नसेल. चार मिनिटांचा प्रश्न म्हणजे थेरपिस्टवर हल्ला नसेल. वेळेच्या अनिश्चिततेने त्याचा पुढचा सगळा दिवस विस्कटला असेल. थेरपिस्टचा कंटाळा खरा आहे, पण तो कदाचित क्लायंटच्या मनाबद्दल काही सांगत नाही; दोन वेगळ्या तऱ्हेने संवाद करणाऱ्या माणसांमधल्या अंतराबद्दल सांगतो.

याची उलट बाजू अधिक धोक्याची आहे. अनेक ऑटिस्टिक प्रौढ, विशेषतः स्त्रिया, आयुष्यभर इतरांसारखे दिसण्याचा सराव करतात. लॉरा हल आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली या मुखवट्याचा तपशीलवार अभ्यास प्रसिद्ध केला. अशी व्यक्ती सेशनमध्ये हसते, मान डोलावते, ‘खूप फायदा झाला’ म्हणते आणि घरी जाऊन दोन दिवस अंथरुणातून उठत नाही. सेशन फार छान चालल्याचा अहवाल सुपरव्हायजरकडे येतो. ब्रिटनमधील सारा कॅसिडी यांच्या २०१४च्या अभ्यासात, मोठेपणी ॲस्पर्जर सिंड्रोमचे निदान झालेल्यांपैकी ६६ टक्के जणांनी आयुष्यात कधीतरी आत्महत्येचे विचार आल्याचे सांगितले. चेहऱ्यावरून आणि आवाजावरून धोक्याचा अंदाज बांधणाऱ्या थेरपिस्टला या गटात फार सावध राहावे लागते, आणि त्या सावधपणाची आठवण करून देणे हे सुपरव्हायजरचे काम आहे. ‘क्लायंट कशी दिसत होती?’ याऐवजी ‘तू नेमके कोणत्या शब्दांत विचारलेस, आणि उत्तर लिहून द्यायची सोय ठेवली होतीस का?’ असे विचारावे लागते.

मुलांबाबत अडचणी वेगळ्या आहेत. न बोलणाऱ्या मुलाचे म्हणणे सुपरव्हिजनपर्यंत पोचते ते आई, थेरपिस्ट, रिपोर्ट अशा तीन हातांतून. वाटेत ‘मेल्टडाउन’चा, म्हणजे ताण असह्य होऊन कोसळण्याचा, ‘हट्टीपणा’ होतो. दातदुखी, बद्धकोष्ठता, झोप न होणे, वर्गातल्या पंख्याचा आवाज ही कारणे मागे पडतात. भाषेचा प्रश्नही आपल्याकडे ठळक आहे. घरी मराठी, थेरपी इंग्रजीत आणि ‘मूल गोंधळेल, एकच भाषा बोला’ असा सल्ला, हे शहरांत आजही घडते. दोन भाषांमुळे ऑटिस्टिक मुलांची भाषिक प्रगती मागे पडते, असे आजवरच्या अभ्यासांत दिसलेले नाही. उलट घरची भाषा बंद झाली की मूल आजी-आजोबांपासून तुटते. किती सुपरव्हायजर आपल्या थेरपिस्टला विचारतात की हे मूल घरी कोणत्या भाषेत हसते?

आजच्या प्रमुख भूमिका

पहिली भूमिका वर्तन-विश्लेषकांची. त्यांच्या मते सुपरव्हिजनचा गाभा म्हणजे अचूकता आणि मोजमाप. अमेरिकेतील प्रमाणन मंडळाचा नियम असा की ४० तासांचे प्रशिक्षण घेतलेल्या सहायक थेरपिस्टच्या महिन्याच्या एकूण कामापैकी किमान ५ टक्के तास सुपरव्हिजनखाली हवेत. वरच्या पातळीच्या प्रमाणपत्रासाठी १५०० ते २००० तासांचे अनुभवकाम लागते. इतके स्पष्ट नियम इतर गटांत क्वचितच दिसतात. यावरचा मुख्य आक्षेप ध्येयांबद्दल आहे. डोळ्यांत पाहणे, हात न हलवणे अशी ध्येये बिनचूक गाठली गेली तरी त्यात मुलाचे भले काय, असे अनेक ऑटिस्टिक प्रौढ विचारतात. मिशेल सँडबँक आणि सहकाऱ्यांनी २०२० साली लहान मुलांवरील उपचारांचे सुमारे दीडशे अहवाल एकत्र तपासले, तेव्हा काटेकोर प्रयोगांपुरते पाहिले असता वर्तनोपचाराचा पुरावा फार तोकडा निघाला. त्याच अभ्यासांच्या पुढच्या छाननीत दिसले की उपचाराने काही अपाय झाला का, याची नोंद फार थोड्या संशोधकांनी ठेवली होती. वर्तन-विश्लेषकांचे उत्तर असे की क्षेत्र बदलते आहे: मुलाची संमती आणि नकार ओळखणे आता शिकवले जाते, आणि वागणूक आवरण्यासाठी विजेचा झटका देण्याच्या प्रथेविरुद्ध त्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२२ साली स्पष्ट भूमिका घेतली. हे खरे आहे. मात्र नवे विचार सुपरव्हिजनच्या तक्त्यांत किती उतरले, हे ठिकाणपरत्वे बदलते.

दुसरी भूमिका अनुकूलनाची. ऑटिस्टिक प्रौढ बहुतेक वेळा चिंता, नैराश्य, झोप, नातेसंबंध यांसाठी मदत मागतात. तेव्हा नेहमीच्या मानसोपचारातच योग्य बदल करावेत. ब्रिटनच्या ‘नाईस’ संस्थेच्या २०१२च्या मार्गदर्शिकेत हे बदल दिले आहेत: सेशनला ठोस रचना हवी, लिखित आणि चित्रमय साहित्य हवे, साधी भाषा हवी, मधे विश्रांती हवी, क्लायंटच्या खास आवडीचा उपयोग करावा, तो म्हणेल तर घरच्यांना सामील करावे. अमेरिकेतील ब्रेना मॅडॉक्स यांच्या अभ्यासांतून दिसते की सार्वजनिक मानसोपचार केंद्रांतील थेरपिस्टना चिंतेवरचे उपचार चांगले येत असूनही क्लायंट ऑटिस्टिक आहे म्हटल्यावर त्यांचा आत्मविश्वास घसरतो. कौशल्य हाताशी असते, ते इथे कसे लावायचे हे सांगणारा शेजारी नसतो. अनुकूलनवाद्यांचा भर म्हणूनच चालू केससोबत चालणाऱ्या सुपरव्हिजनवर आहे. टीकाकारांना भीती वाटते की बदलांची यादी हाती आली की थेरपिस्ट यादीतल्या खुणा करत राहील आणि समोरच्या माणसाला विचारायचे विसरेल.

तिसरी भूमिका ऑटिस्टिक लोकांनी स्वतः मांडलेली आहे. जिम सिंक्लेअर यांनी १९९३ साली पालकांना केलेल्या आवाहनात म्हटले होते की आमच्या अस्तित्वाचा शोक करू नका. २०१२ साली डेमियन मिल्टन यांनी सांगितले की समजून घेण्याची अडचण दुहेरी आहे: ऑटिस्टिक व्यक्तीला इतर कळत नाहीत तितकेच इतरांना ती कळत नाही. कॅथरिन क्रॉम्प्टन यांच्या २०२०च्या प्रयोगात ७२ जणांच्या साखळ्यांमधून एक गोष्ट कानोकानी पुढे सरकवली गेली. फक्त ऑटिस्टिक लोकांच्या साखळीत ती बिगर-ऑटिस्टिक साखळीइतकीच नीट पोचली. मिश्र साखळीत जास्त गळती झाली. मात्र २०२५ साली ३११ जणांना घेऊन केलेल्या मोठ्या प्रयोगात तिन्ही प्रकारच्या साखळ्यांत माहिती सारखीच टिकली. ऑटिस्टिक लोकांच्या संवादात जन्मजात खोट आहे, या समजुतीला दोन्ही प्रयोग आधार देत नाहीत. पण ‘आपापसात सगळे सोपे’ हा निष्कर्षही आता घाईने काढता येत नाही.

या भूमिकेचा सुपरव्हिजनसाठी अर्थ सरळ आहे: ज्यांच्याबद्दल चर्चा चालते त्यांचे प्रतिनिधी त्या खोलीत हवेत. काही जण म्हणतात सुपरव्हायजर स्वतः ऑटिस्टिक असावा. काहींना मानधन घेणारा ऑटिस्टिक सल्लागार पुरेसा वाटतो. इंग्लंडमध्ये ऑलिव्हर मॅकगोवन या ऑटिस्टिक तरुणाच्या २०१६ मधील मृत्यूनंतर त्याच्या कुटुंबाने दिलेल्या लढ्यातून आरोग्य कर्मचाऱ्यांना ऑटिझम आणि बौद्धिक अक्षमतेबद्दल प्रशिक्षण देणे २०२२च्या कायद्याने बंधनकारक झाले, आणि ते देणाऱ्यांत ऑटिस्टिक व्यक्तींचाही समावेश असतो. आक्षेप दोन आहेत. बोलू-लिहू शकणारी ऑटिस्टिक व्यक्ती, चोवीस तास आधार लागणाऱ्या न बोलणाऱ्या मुलाच्या वतीने किती बोलू शकते? आणि जगण्याचा अनुभव हा सुपरव्हिजनच्या कौशल्याची जागा घेऊ शकतो का? यावर प्रामाणिक माणसांत मतभेद आहेत.

चौथी भूमिका आपल्या जवळची आहे. तज्ज्ञ पुरेसे नाहीत आणि लवकर होणारही नाहीत, हे मान्य करून ती सुरू होते. दोन ते नऊ वर्षांच्या सुमारे १२ टक्के भारतीय मुलांत मेंदूच्या विकासाशी निगडित किमान एक समस्या असल्याचा अंदाज २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या, पाच ठिकाणच्या अभ्यासात मांडला गेला. गोव्यातील ‘संगथ’ ही संस्था आणि रावळपिंडीतील सहकारी यांनी पालकांमार्फत करायचा उपचार बिगर-तज्ज्ञ कार्यकर्त्यांच्या हाती दिला. इंग्लंडमध्ये तपासलेली पद्धत इथल्या घरांसाठी बेतून घेतली गेली. आई-मुलाच्या खेळाचे चित्रण करायचे, मग ते आईबरोबर पाहायचे आणि मुलाने कधी पुढाकार घेतला हे तिलाच शोधू द्यायचे, असा तो उपचार. इंग्लंडच्या गटाने स्थानिक तज्ज्ञ तयार केले, तज्ज्ञांनी कार्यकर्ते तयार केले आणि त्यांच्या कामावर देखरेख ठेवली. ६५ मुलांवरचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. पालकांचा प्रतिसाद मुलाच्या लयीशी अधिक जुळू लागला, मुलांचा पुढाकार वाढला. दोघांचे एकाच गोष्टीकडे लक्ष असण्याचा वेळ मात्र घटला. लेखकांनी ही उणी बाजूही मांडली, हे मला मोलाचे वाटते.

याच संस्थेने गोव्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्यावर आणि मद्यपानावर काम करणाऱ्या समुपदेशकांसाठी वेगळा प्रयोग केला होता. समुपदेशक गटाने बसत, एकमेकांच्या सेशनचे ध्वनिमुद्रण ऐकत आणि ठरलेल्या मापपट्टीवर गुण देत. सरावानंतर त्यांचे गुण तज्ज्ञांच्या गुणांशी बऱ्यापैकी जुळू लागले. हा प्रयोग ऑटिझमवरचा नव्हता. पण महाराष्ट्रातील तालुक्याच्या गावी, जिथे ज्येष्ठ सुपरव्हायजर मिळणे कठीण, तिथे सहकाऱ्यांचा असा गट शक्य आहे. त्यातला धोकाही खरा आहे: सगळ्यांचा गैरसमज एकच असेल, तर गट तोच पक्का करतो.

पुरावा काय सांगतो

सुपरव्हिजनमुळे थेरपिस्टला बरे वाटते आणि आत्मविश्वास वाढतो, याला आधार आहे. क्लायंटला फायदा होतो का, इथे जमीन भुसभुशीत आहे. एडवर्ड वॉटकिन्स यांनी २०११ साली तीस वर्षांतले संशोधन धुंडाळले तेव्हा या प्रश्नाला हात घालणारे जेमतेम १८ अभ्यास सापडले, आणि त्यांतले बरेच निष्कर्ष काढण्याजोगे नव्हते. ऑस्ट्रेलियातील मॅथ्यू बँबलिंग यांच्या २००६च्या प्रयोगात नैराश्याच्या १२७ क्लायंटपैकी ज्यांच्या थेरपिस्टना सुपरव्हिजन मिळाले, त्यांची लक्षणे जास्त कमी झाली. याउलट २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २३ सुपरव्हायजर, १७५ प्रशिक्षणार्थी आणि साडेसहा हजार क्लायंट यांची पाच वर्षांची माहिती तपासली, तेव्हा सुपरव्हायजर कोण आहे यामुळे क्लायंटच्या सुधारणेत पडणारा फरक एक टक्क्याहूनही कमी निघाला. त्याचे एक संभाव्य कारण जुन्या संशोधनात आहे. १९९६ साली निकोलस लडनी यांनी १०८ प्रशिक्षणार्थींना विचारले तेव्हा जवळजवळ सगळ्यांनीच, ९७ टक्क्यांनी, सुपरव्हायजरपासून काही ना काही लपवल्याचे मान्य केले. चुका, क्लायंटबद्दलची नापसंती, सुपरव्हायजरबद्दलचे मत, हे सारे मागे ठेवले जाते. हान्सच्या वडिलांच्या नोंदींपासूनची अडचण शंभर वर्षांनीही तिथेच आहे.

हे सगळे आकडे सर्वसाधारण मानसोपचाराचे आहेत. ऑटिस्टिक क्लायंटच्या प्रगतीशी थेरपिस्टच्या सुपरव्हिजनचा संबंध तपासणारे भक्कम संशोधन फारच विरळ आहे.

भारतातील आणि महाराष्ट्रातील चौकट

१९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ऑटिझमचा समावेश झाला आणि २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत त्याला जागा मिळाली. हक्काची बाजू बळकट झाली. सेवा देणाऱ्यांची बाजू विखुरलेली राहिली. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, स्पीच थेरपिस्ट आणि विशेष शिक्षक १९९२च्या कायद्याने आलेल्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदले जातात. ऑक्युपेशनल थेरपिस्टसाठी महाराष्ट्रात वेगळी राज्य परिषद आहे. चिकित्सा मानसशास्त्राचे प्रशिक्षण देखरेखीखालीच होते, पण ते विद्यार्थिदशेपुरते. पुढे नोंदणी टिकवायला परिषदेच्या कार्यक्रमांना हजेरी लावून गुण मिळवावे लागतात; चालू कामाच्या सुपरव्हिजनची अट नाही. तुलनेसाठी, ब्रिटनमधील समुपदेशकांच्या मोठ्या संघटनेत काम करत असेपर्यंत महिन्याला किमान दीड तास सुपरव्हिजन घ्यावेच लागते, मग अनुभव वीस वर्षांचा का असेना.

वर्तनोपचार करणाऱ्या अनेकांनी परदेशी प्रमाणपत्राचा आधार घेतला होता. अमेरिकी मंडळाने २०२३ पासून थोडे अपवाद सोडून इतर देशांतील नवे अर्ज घेणे थांबवले आणि तो रस्ता अरुंद झाला. २०२१च्या संलग्न आरोग्य व्यवसाय कायद्याच्या अनुसूचीत वर्तन-विश्लेषक आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट दोघेही आहेत, त्यामुळे पुढच्या काळात एक समान चौकट उभी राहू शकते. दिल्लीची १९९१ पासूनची ‘ॲक्शन फॉर ऑटिझम’ आणि मुंबईतील २००१ पासूनचे ‘उम्मीद’ बालविकास केंद्र यांसारख्या संस्था प्रशिक्षणाचे कामही करतात, पण राज्यभरातल्या छोट्या सेंटरना ते पुरणारे नाही.

पैशाचा मुद्दाही इथेच येतो. सेशनगणिक मानधन मिळणाऱ्या थेरपिस्टने सुपरव्हिजनला दिलेला तास बिनपगारी असतो, आणि अनेकदा त्या तासाची फीही तीच भरते. सेंटरची मालक हीच तिची सुपरव्हायजर असेल तर नोकरी आणि चुकीची कबुली एकाच टेबलावर येतात. लपवण्याचे प्रमाण अशा ठिकाणी वाढले तर नवल नाही.

न सुटलेले प्रश्न

प्रत्यक्ष पाहणे आवश्यक आहे, यावर चारही भूमिकांचे जवळपास एकमत आहे. पण चित्रण म्हणजे मुलाच्या सर्वांत अवघड क्षणांचे चित्रण. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यातील कलम २३ गोपनीयतेचा हक्क देते. २०२३च्या माहिती संरक्षण कायद्यात मुलांसाठी पालकांची संमती लागते. पालकांनी सही केली, पण मूल कॅमेऱ्याकडे पाठ फिरवते, तेव्हा काय करायचे? मुलाचा नकार ग्राह्य धरायचा तर तो ओळखायचा कसा आणि कोणी? याचे लेखी, सर्वमान्य उत्तर आज नाही. तोवर व्हिडिओ व्हॉट्सॲपच्या गटावर फिरू नयेत, एवढे तरी प्रत्येक सेंटरला पाळता येईल.

सुपरव्हायजरच्या जबाबदारीची सीमाही अस्पष्ट आहे. लैंगिक अत्याचाराची शंका आली तर २०१२च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार कळवणे बंधनकारक आहे. न बोलणाऱ्या मुलाच्या बाबतीत शंका म्हणजे अनेकदा केवळ वागण्यातला बदल. तो ‘ऑटिझममुळेच’ म्हणून झटकला जाऊ नये, यासाठी दुसरी नजर हवी.

थेरपिस्ट स्वतः ऑटिस्टिक असेल तर तिने ते सुपरव्हायजरला सांगावे का, आणि सांगितल्यावर तिच्या प्रत्येक चुकीचे खापर निदानावर फुटणार नाही याची हमी काय? अशा थेरपिस्ट आपल्याकडेही आहेत. त्यांच्यासाठी लेखी मुद्दे आधी पाठवणे आणि ठरलेला क्रम पाळणे इतके साधे बदल पुरेसे असू शकतात, पण ही चर्चा मराठीत सुरूच झालेली नाही. तसेच सर्वांत जास्त आधार लागणाऱ्या मुलांच्या वतीने खोलीत कोण बोलेल, या प्रश्नावर तिसऱ्या भूमिकेला अजून पटण्याजोगी व्यवस्था सुचवता आलेली नाही.

माझे मत असे की संशोधनाची वाट पाहत थांबण्याचे कारण नाही. पुरावा अपुरा असला तरी तीन गोष्टी कोणत्याही भूमिकेत खटकणाऱ्या नाहीत: महिन्यातून एकदा तरी प्रत्यक्ष सेशन किंवा त्याचे चित्रण पाहणे, पगार देणारा आणि सुपरव्हिजन करणारा यांना शक्यतो वेगळे ठेवणे, आणि वर्षातून काही वेळा तरी मानधन देऊन ऑटिस्टिक प्रौढांचे मत घेणे. २०२१च्या संलग्न आरोग्य व्यवसाय कायद्याखाली नियम लिहिणाऱ्यांनी नोंदणीच्या नूतनीकरणात सुपरव्हिजनचे तास मोजावेत. आणि सेंटर चालवणाऱ्यांनी नियमांची वाट न पाहता पुढच्या महिन्यापासून आपल्या थेरपिस्टच्या वेळापत्रकात सुपरव्हिजनसाठी दोन तास राखून ठेवावेत, आणि त्या तासांचा पगार द्यावा.